लष्करी डॉक्टरला देश कुठून दिसतो? (सिक रिपोर्ट, बदल्या आणि छावणीचे कुंपण)

वानवडीकर :

मी लष्करात डॉक्टर होतो आणि वानवडीत राहत असल्यामुळे ए.एफ.एम.सी.त, म्हणजे इथल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, नुकताच प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालक अधूनमधून माझ्याकडे येतात. बाँड (शिक्षणानंतरची सक्तीची लष्करी सेवा), पदव्युत्तर शिक्षणाच्या जागा, बढती हे विषय संपले की बहुतेकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : "पण देश फिरायला मिळेल ना?" मिळतो, एवढेच उत्तर मी आजवर देत आलो. या धाग्यात ते जरा सविस्तर द्यावे म्हणतो, कारण लष्करातल्या डॉक्टरला देश मुख्यतः आजारांतून दिसतो, आणि हे प्रवासवर्णनांत सहसा येत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. प्रत्येक बटालियनला एक डॉक्टर असतो, त्याला आर.एम.ओ. (रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर) म्हणतात. त्याचा दवाखाना म्हणजे एम.आय. (मेडिकल इन्स्पेक्शन) रूम आणि त्याची सकाळ म्हणजे सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची रोजची तपासणी. त्याच्यामागे फील्ड हॉस्पिटल, त्यामागे मिलिटरी हॉस्पिटल, मग बेस हॉस्पिटल आणि शेवटी आपल्या पुण्यात आहे तसे कमांड हॉस्पिटल, अशी साखळी उभी असते. नोकरीच्या काळात डॉक्टर या साखळीत वरखाली होत राहतो आणि दर दोन-तीन वर्षांनी मूव्हमेंट ऑर्डर हातात घेऊन नकाशावरही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. चंदिगडहून हवाई दलाच्या विमानाने तासाभरात तिथे उतरलेल्या जवानाला पहिले सहा दिवस जवळजवळ काहीच करू द्यायचे नसते : दोन दिवस विश्रांती, दोन दिवस सपाटीवर चालणे, दोन दिवस हलकी चढण. बारा हजारांच्या वर जायचे तर आणखी चार दिवस, आणि पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात विशीतला धडधाकट मुलगा दुसऱ्याच दिवशी "साहेब, मला काही होत नाही" म्हणून व्हॉलीबॉल खेळायला निघतो आणि मध्यरात्री त्याच्या छातीत घरघर सुरू होते. फुप्फुसात पाणी भरण्याच्या या विकाराला लष्करात सगळे हापो म्हणतात. त्यावर प्राणवायू आणि रुग्णाला ताबडतोब खाली उतरवणे हेच खरे उपचार. १९६२च्या युद्धाच्या सुमारास हजारो सैनिक एकाएकी त्या उंचीवर गेले, आणि त्यानंतरच्या दशकात भारतीय लष्करी डॉक्टरांनी त्यांच्यावर केलेली निरीक्षणे आजही जगभर उद्धृत होतात. मला चकित करणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. वर्षभर वर राहून सुटीवर कोल्हापूर-सांगलीला गेलेला आणि महिन्याने परतलेला जवान नवख्याइतकाच, काही वेळा नवख्याहून अधिक, धोक्यात असतो. घरच्या चार आठवड्यांत शरीर वरची सवय विसरून गेलेले असते.

त्यानंतरची बदली बाडमेरकडे झाली. तिथे धडा उलटा होता. उन्हाळ्यात नव्या तुकडीला रोज थोडे थोडे काम वाढवत दहा-चौदा दिवसांत उष्णतेची सवय करून द्यावी लागते, नाहीतर शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊन माणूस भ्रमिष्ट होतो आणि तासाभरात हाताबाहेर जातो. ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट असल्यामुळे मी तिथे नारूचे रुग्णही पाहिले. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचे आणि तेच प्यायचे, या एका सवयीवर तो किडा जगत होता. पायाच्या फोडातून दिसणारे त्याचे टोक काडीला गुंडाळून दिवसाला थोडे थोडे ओढून काढावे लागे. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केले. पंतप्रधान कोण होते हे विसरलो तरी चालेल, पण गाळलेल्या पाण्याने एक अख्खा रोग संपवला हे त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात आहे.

आसामविषयी नंतर लिहीन. इतरांनीही आपले अनुभव लिहावेत.

नाना-पेठकर :

लेखन माहितीपूर्ण आहे, पण मूळ दाव्याविषयी शंका आहे. माझे वडील संरक्षण लेखा विभागात होते आणि आमचे बालपण जबलपूर, जालंधर, देवळाली आणि पुणे अशा छावण्यांमध्ये गेले. चारही ठिकाणी चुन्याने रंगवलेले तेच दगड, तेच कॅन्टीन, तीच मेस, केंद्रीय विद्यालयातली तीच पुस्तके आणि संध्याकाळी तेच बॅडमिंटन. जालंधरमध्ये तीन वर्षे राहून आम्हाला एकही पंजाबी कुटुंब नीट माहीत झाले नाही. ज्याला आपण देश म्हणता तो कुंपणाबाहेर होता.

दुसरे असे की, आपले रुग्ण कोण? अठरा ते पंचेचाळीस वयाचे, भरतीच्या वेळी छाती, डोळे, पाय तपासून निवडून घेतलेले पुरुष. त्यांत म्हाताऱ्या बायका नाहीत, कुपोषित मुले नाहीत, अपंग नाहीत. गाळून घेतलेल्या लोकांचे आजार पाहून देशाविषयी बोलणे मला धाडसाचे वाटते.

कोथरूडचा-डॉक्टर :

मी लष्करात नव्हतो, तीस-एक वर्षे जनरल प्रॅक्टिस केली. नाना-पेठकरांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक छोटी पुरवणी जोडतो. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक जवान आहे म्हटले तरी चालेल. सुटीवर आलेल्या जवानाला थंडी वाजून ताप आला की गावातला डॉक्टर हंगामी ताप समजून गोळ्या देतो. तो जवान दहा दिवसांपूर्वी आसाम किंवा त्रिपुरातून निघाला आहे, हे कुणी विचारतच नाही. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार असेल तर दोन दिवसांत तो मेंदूपर्यंत जातो. क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरिया भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तोही १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्येच, त्यामुळे नुसत्या जुन्या गोळ्यांवर भागत नाही. माझ्याकडे आलेल्या अशा एका मुलाचा जीव वाचला तो केवळ त्याच्या आईने "पोरगं आसामात असतं" असे न विचारता सांगितले म्हणून. तेव्हापासून दारात मिलिटरी कट दिसला की मी आधी पोस्टिंग विचारतो, मग नाडी बघतो.

थोडक्यात, जवानाच्या रक्तातून एक प्रांत दुसऱ्या प्रांतात येतो. ही गोष्ट जुनीच आहे. कोलकात्याजवळच्या डमडम छावणीत राहून आलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत लिशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना काळा आजाराचे जंतू सापडले, आणि त्या रोगाला आधी डमडम ताप म्हणत.

वानवडीकर :

नाना-पेठकर, छावण्या एकसारख्या असतात हे मान्य. तुमचे वडील लेखा विभागात होते, त्यामुळे त्यांना कुंपणाबाहेर जावे लागत नसे. लढाऊ तुकडीच्या आर.एम.ओ.ला जावे लागते, आणि बऱ्याचदा बाहेरचे लोकच आत येतात. सीमेवरच्या खोऱ्यांत सर्वांत जवळचा डॉक्टर हा लष्कराचाच असतो, आणि त्याच्याकडे येणारी माणसे भरतीच्या चाळणीतून आलेली नसतात. बाळंतीण येते, हाड मोडलेली मेंढपाळाची मुलगी येते, खोकून खोकून थकलेला लामा येतो. लडाखमधल्या खेड्यांत मी खाणीत कधीही न गेलेल्या माणसांच्या एक्स-रेमध्ये खाणकामगारांसारखी फुप्फुसे पाहिली आहेत. वसंतातली धुळीची वादळे आणि बिनधुराड्याच्या खोलीत हिवाळाभर जळणारी चूल ही त्यामागची कारणे. काश्मीरमध्ये चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, फिरनच्या (लांब सैल अंगरख्याच्या) आत निखाऱ्यांची कांगडी (वेताच्या आवरणातले मातीचे भांडे) धरून काढले जातात. वर्षानुवर्षे त्याच जागी भाजत राहिलेल्या पोटाच्या आणि मांडीच्या कातडीवर होणारा कर्करोग मी पुस्तकात एका ओळीत वाचला होता. तो पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला तेव्हा त्या आजीबाईंना मी कांगडी सोडा म्हणून सांगू लागलो, तर माझा नर्सिंग असिस्टंट शांतपणे म्हणाला, "साहेब, मग तिने हिवाळा कसा काढायचा?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि सरकारी कोळशाची शेगडी तिच्या घरी पोहोचवणे माझ्या हातात नव्हते.

आता गाळून घेतलेल्या पुरुषांविषयी. सिक रिपोर्टला आलेल्या माणसाला मी गाव विचारत असे, कारण आजाराचा अर्धा इतिहास तिथे असतो. मद्रास रेजिमेंटच्या बटालियनमध्ये केरळ आणि तमिळनाडूची मुले होती. शेजारच्या तुकडीत गढवाली. एकाच थंडीत, एकाच बर्फात, एकाच शिध्यावर असूनही दोन्ही तुकड्यांच्या तक्रारी निराळ्या असत. गढवाली मुलगा पाय सुन्न झाला तरी सांगत नसे, कारण त्याच्या गावी हिवाळ्यात पाय सुन्नच असतात. केरळचा मुलगा पहिल्याच दिवशी सांगे आणि त्यामुळे त्याची बोटे वाचत. हिमदंशात ही गोष्ट फार मोलाची आहे.

घोरपडीची-सिस्टर :

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले. आपण सगळे सीमेकडे बघून बोलत आहात, म्हणून पुण्याची बाजू मांडते. देश बघायला मला दर वेळी बदलीची गरज पडली नाही. पुण्यात असताना तो वॉर्डात येऊन पडायचा. कमांड हॉस्पिटलच्या एका अस्थिरोग वॉर्डात मिझोरामचा, मलप्पुरमचा, होशियारपूरचा आणि नांदेडचा रुग्ण शेजारी शेजारी असे. त्यांचे नातेवाईक झेलम एक्स्प्रेसने, आझाद हिंदने पुणे स्टेशनावर उतरून, रिक्षावाल्याशी कोणती भाषा बोलायची हे न कळून, गोंधळलेल्या चेहऱ्याने वॉर्डाच्या दारात उभे राहत. आपल्याकडच्या रिक्षावाल्यांविषयी इथे लिहीत नाही, तो स्वतंत्र धागा होईल.

माझा सर्वांत लक्षात राहिलेला काळ कृत्रिम अवयव केंद्राशी संबंधित रुग्णांचा. हे केंद्र दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात सुरू झाले. सुरुंगात पाय गेलेला जवान तिथे येतो तेव्हा मोजमापाच्या आधी त्याला विचारावे लागते की तू कुठे चालणार आहेस. हे ऐकायला साधे वाटते. पण गढवालमधल्या पौडीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात रोज चढउतार करणाऱ्याचा घोटा निराळा वळावा लागतो, केरळातल्या कुट्टनाडच्या चिखलात उतरणाऱ्याला पाणी न धरणारा पाय लागतो, आणि मारवाडकडच्या माणसाला घरी जमिनीवर मांडी घालून जेवता आले नाही तर तो पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्या घेतो. एका रुग्णाने देवघरात बसता येईल का एवढेच विचारले होते. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मला या प्रश्नांनी देशाची जमीन अधिक समजावली. बेळगावच्या पलीकडे मी तोवर गेलेही नव्हते.

आणखी एक. डॉक्टरांच्या लिखाणात वॉर्डातल्या रात्रीचा उल्लेख येत नाही, कारण रात्री ते तिथे नसतात. रात्री दोन वाजता वेदनेने जागा असलेला माणूस त्याच्या गावाविषयी बोलतो : पीक, बहिणीचे लग्न, विहिरीला पाणी किती. सकाळी राऊंडला तो "ठीक हूँ सर" म्हणतो.

खटावचा-हवालदार :

सर्वांना नमस्कार. मी नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केली आणि आता हडपसरला असतो. सिस्टर मॅडमनी रात्रीचा विषय काढला तो बरोबर आहे. साहेबांची माफी मागून पोस्टविषयी, म्हणजे सीमेवरच्या चौक्यांविषयीही सांगतो. डॉक्टर एका ठिकाणी असतो आणि बटालियनच्या पोस्ट दहा ठिकाणी असतात. प्रत्येक पोस्टवर एक नर्सिंग असिस्टंट, एक औषधांची पेटी आणि एक रेडिओ सेट असतो. बर्फात वाट बंद झाली की आम्ही रेडिओवर लक्षणे सांगायची आणि साहेबांनी खालून उपाय सांगायचा. हापोचा रुग्ण उतरवता येत नसेल तर त्याला हवा भरलेल्या पिशवीत झोपवून, पायाने पंप मारत आत दाब वाढवायचा, म्हणजे त्याला खाली उतरल्यासारखे होते. चौघे पाळीपाळीने रात्रभर पंप मारतात. त्या पिशवीच्या काचेतून आतल्या पोराचा चेहरा दिसत असतो, त्यामुळे कुणी थांबत नाही.

अरुणाचलात आमच्या पोस्टखालच्या वस्तीतून लोक वर येत. सरकारी उपकेंद्राला चालत एक दिवस लागे, आमच्याकडे दोन तास. पैसे आम्ही घेत नसू, म्हणून ते कधी संत्री, कधी मका, कधी कोंबडी ठेवून जात. मी खटाव तालुक्यातला, म्हणजे दुष्काळी. टँकरची वाट बघण्यात माझे लहानपण गेले. तिथे पावसाला खळ नाही, आणि तरी बाया डोक्याच्या पट्ट्याला बांधलेल्या टोपलीतून पाणी आणि लाकूड वाहून आणतात, कारण पाणी खाली ओढ्यात आणि घर वर डोंगरावर. आमच्या आईच्या डोक्यावर हंडा होता, यांच्या कपाळावर पट्टा. मानेचे आणि गुडघ्याचे दुखणे तेच. आयोडेक्स मी सर्वांत जास्त तिथे वाटले.

नाना-पेठकर :

हवालदारसाहेब आणि सिस्टर यांच्या प्रतिसादांनी माझ्या पहिल्या मुद्द्याची धार गेली, हे मोकळेपणाने लिहितो. तरी एक गोष्ट अजून खटकते. अशांत भागात गणवेशातला माणूस औषध देतो तेव्हा समोरचा माणूस ते कोणत्या मनाने घेतो? आरोग्य शिबिराची छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या देतात, पुढच्या महिन्यात काय?

वानवडीकर :

प्रश्न रास्त आहे. लष्कराच्या 'सद्भावना' या लोकोपयोगी उपक्रमाखाली होणाऱ्या शिबिरांत मी अनेकदा बसलो आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्मा, दात काढणे, लसीकरण या गोष्टी एका दिवसात किंवा आठवड्यात पूर्ण होतात आणि त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांचे तसे नाही. क्षयाचा रुग्ण शिबिरात सापडला तरी त्याचे सहा महिन्यांचे औषध जिल्ह्याच्या केंद्रातूनच चालले पाहिजे. मी ज्या तरुण डॉक्टरांच्या हाती शिबिरे सोपवली त्यांना एकच दंडक घातला होता : जुनाट रोगाची चिठ्ठी जिल्ह्याच्या डॉक्टरच्या नावे लिहायची, आणि ती व्यक्ती खरोखर तिथे आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचे. काही ठिकाणी ती जागा वर्षभर रिकामी होती. तिथे शिबिराचा उपयोग छायाचित्रापुरताच, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

मनाविषयी काय सांगू? मणिपूरमध्ये रात्री मुलाला घेऊन आलेला बाप बंदुकीकडे बघत नव्हता, आणि सकाळी बाजारात तोच माणूस माझ्याकडे बघत नव्हता. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी असे मला कधी वाटले नाही.

दर्यावर्दी-वैद्य :

नौदलाची बाजू अगदीच राहिली म्हणून थोडेसे. अंदमानात आय.एन.एच.एस. धन्वंतरी हे आमचे रुग्णालय आहे. मराठी माणूस तिथे सेल्युलर जेल बघायला जातो आणि परत येतो. आम्ही पावसाळ्यात भातशेतीतून आलेले, कावीळ झालेले आणि खोकल्यातून रक्त पडणारे रुग्ण पाहत होतो. अंदमान रक्तस्रावी ताप म्हणून ओळखला जाणारा हा विकार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मुंबई-कोकणात पुराच्या पाण्यानंतर जो आढळतो तोच. दक्षिण कोकणातल्या आमच्या भागातल्या डॉक्टरांना त्याची सवय असल्यामुळे मला तिथे घरच्यासारखे वाटले, एवढे खरे.

आणि फुरशाविषयी कुणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. कोकणातले फुरसे आणि जैसलमेरच्या वाळूतले फुरसे एकाच जातीचे असले तरी वाळवंटातल्या उपजातीच्या विषावर आपली नेहमीची लस कमी पडते, असा तिकडच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. लशीसाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते, म्हणजे ते दक्षिणेतल्या सापांचे असते. एकच कुपी देशभर जाते, साप मात्र प्रांताप्रांतांत बदलतात.

तृतीय-वर्ष :

सर, मॅडम, मी सध्या ए.एफ.एम.सी.त शिकत आहे. इंटर्नशिपनंतर पहिली पोस्टिंग कुठे लागेल हे आमच्या हातात नसते, आणि मुलींनाही आता फील्डमध्ये जावे लागते, ज्याचा मला आनंदच आहे. आमच्याच कॉलेजात शिकलेल्या माधुरी कानिटकर मॅडम २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या तेव्हा त्या बातमीनेच मी प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू केला. मला एवढेच विचारायचे आहे की नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात नेमके काय करावे, म्हणजे तो भाग लवकर समजेल.

वानवडीकर :

जाण्यापूर्वी त्या जिल्ह्याचे गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) मिळवून पाणी, पीक आणि आजार यांवरची पाने वाचा. ती जुनी असली तरी चालतील. पोहोचल्यावर आधीच्या डॉक्टरकडून हँडिंग-टेकिंगच्या (कामाचा ताबा देण्याघेण्याच्या) कागदांव्यतिरिक्त तासभर मागून घ्या आणि विचारा : कोणता रस्ता कोणत्या महिन्यात बंद होतो, हेलिकॉप्टर किती वाजेपर्यंत उतरू शकते, पोस्टवरचे पाणी कुठून येते, ताप कोणत्या महिन्यात वाढतो. सर्व पोस्ट पायी हिंडा आणि सोबत तुमच्या सर्वांत जुन्या नर्सिंग असिस्टंटला घ्या. खटावच्या हवालदारांसारखा कुणी मिळाला तर तुमचे निम्मे काम झाले. वहीत प्रत्येक रुग्णाचे गाव आणि गेल्या सहा महिन्यांतले ठिकाण लिहा, कोथरूडच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणासाठी. बाजारात आठवड्यातून एकदा तरी स्वतः भाजी आणा, म्हणजे लोक काय खातात ते कळेल आणि मेसच्या जेवणातून सुटका होईल ते वेगळेच.

पहिल्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनांना जाऊन भेटा. सर्पदंशाची लस त्यांच्याकडे किती आणि तुमच्याकडे किती, रक्त कुणाच्या पेढीत मिळते आणि रात्री फोन कोण उचलतो, हे दोघांच्याही वहीत लिहिलेले असू द्या.